खात्यात पैसे आहेत पण काढता येत नाहीत: दुसऱ्या महायुद्धाचं बिल भारतानं कसं भरलं

मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला शांघाय कोऑपरेशनवाल्या देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली होती. तिथे रशियाचे लावरोव पत्रकारांना म्हणाले की भारतातल्या बँकांमध्ये आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीयेत. तेल विकलं, पैसे आले, खात्यावर आकडा दिसतोय, आणि तरी हात रिकामे. तेव्हा माझा एक मित्र म्हणाला, "अरे खात्यात आहेत ना, मग काढ की, अडचण काय?"

ही अडचण काय असते ते आपल्याइतकं कोणाला माहीत असायला नको खरं तर, कारण ८० वर्षांपूर्वी हेच आपल्यासोबत झालं होतं, फक्त बाजू उलटी होती. रशियाच्या जागी आपण आणि आपल्या जागी ब्रिटन. आणि आपण विकलं होतं कापड, बूट, तंबू, ताग, धान्य, काही ठिकाणी तर चालू रेल्वेलाइनचे रूळ उखडून बाहेर पाठवले होते. शाळेत आपल्याला दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, हिरोशिमा, आणि भारताचं म्हणून 'चले जाव' आणि आझाद हिंद सेना एवढंच शिकवलं. पैशाची बाजू कोणी सांगितलीच नाही, आणि माझ्या मते युद्ध आपल्या घरात कसं शिरलं हे कळायला तीच बाजू लागते.

आधी बेसिक: आपण त्या युद्धात होतो कसे?

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर केलं की भारत पण युद्धात आहे. इथल्या एकाही पुढाऱ्याला विचारलं नाही. काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी दीड-दोन महिन्यांत राजीनामे दिले, पण लष्करभरती काही थांबली नाही. सुरुवातीला साधारण २ लाखांची फौज होती ती १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली, आणि सक्तीची भरती नव्हती म्हणजे सगळे स्वतः नाव नोंदवून गेलेले. पूर्व आफ्रिकेत केरेन, उत्तर आफ्रिकेत एल अलामीन, इटलीत मोंते कासिनो, इकडे इम्फाळ-कोहिमा, सगळीकडे आपली माणसं. मेले त्यांचा आकडा ८७,०००च्या आसपास धरतात.

त्यातला एक माणूस जरा जवळून बघू. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातला पळसगाव आमडोशीचा पोरगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. समोरून मशीनगन चालली आणि त्याच्या तुकडीतले सगळे एकतर मेले नाहीतर जखमी झाले, हा एकटा उभा. हा सरळ त्या मशीनगनवरच धावून गेला, ग्रेनेड टाकून गन आणि गनर दोन्ही संपवले, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून राहिलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. आणि त्यानंतर लांबून स्नायपरनं त्याला टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. २०२३ मध्ये इटलीत मोंतोने गावात त्याचं स्मारक उभं राहिलं तेव्हा आपल्या बातम्यांमध्ये थोडं आलं होतं.

आता प्रश्न असा की हा घाडगे इटलीत लढत होता, ती लढाई ब्रिटनची. मग त्याचा पगार, त्याचे बूट, त्याचा तंबू, याचे पैसे कोण देत होतं?

बिल कोणी भरायचं ठरलं होतं?

यासाठी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन आणि दिल्लीत एक करार झाला. कागदावर तो आपल्या बाजूनं बरा दिसतो, हे कबूल करायला पाहिजे. शांततेच्या काळात फौजेवर जेवढा खर्च व्हायचा तेवढा भारतानं करायचा, महागाईप्रमाणे वाढवून. शिवाय खास भारताच्या रक्षणासाठी जे काही लागेल ते. आणि बाहेर गेलेल्या फौजेसाठी ठोक १ कोटी रुपये. त्याच्या वरचं सगळं ब्रिटननं द्यायचं.

शेवटी हिशोब साधारण अर्धा-अर्धा झाला, कारण जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर 'खास भारताच्या रक्षणाचा' खर्च काही छोटा राहिला नाही. पण आपल्याला आज बघायचा आहे तो ब्रिटनचा अर्धा भाग. कारण ब्रिटननं पैसे दिले, पण दिले म्हणजे काय केलं, सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

पाटलांची उधारी

समजा गावात एक दुकान आहे. पाटलांचं शेजारच्या गावाशी मोठं भांडण जुंपलंय, त्यांना रोज ज्वारी, घोंगड्या, दोर, कंदील असं काय काय लागतंय. ते दुकानदाराला म्हणतात, दे सगळं, फुकट नको मला, तालुक्याला माझी पेढी आहे तिथे तुझ्या नावावर पैसे जमा करतो. फक्त भांडण संपेपर्यंत काढायचे नाहीत. दुकानदार नाही म्हणू शकत नाही कारण दुकानाची जागा पाटलांचीच आहे.

आता दुकानदार माल आणतो शेतकऱ्यांकडून, विणकरांकडून, त्यांना द्यायला रोकड पाहिजे. ती तर तालुक्याला अडकलीये. मग तो चिठ्ठ्या देतो. "माझे पाटलांच्या पेढीवर इतके आहेत, त्यावर ही चिठ्ठी चालव." लोक चालवतात, कारण दुसरं काही चालतच नाही.

वर्षभरात काय होतं? गावातली ज्वारी आणि घोंगड्या गाड्या भरून बाहेर गेल्या आणि चिठ्ठ्या मात्र सहा-सातपट झाल्या. ज्याने पाटलांना माल विकला त्याच्याकडे चिठ्ठ्यांची थप्पी आहे, तो म्हणेल त्या भावाला ज्वारी घेतो. आणि जी बाई रोजंदारीवर खुरपायला जाते तिला मजुरी जुन्याच भावाची. पाटलांनी तिच्या घरातलं एक दाणाही उचललेला नाही, तरी तिच्या ताटातली भाकरी गेली.

यात दुकानदार म्हणजे तेव्हाचं भारत सरकार, चिठ्ठ्या म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा आणि तालुक्याची पेढी म्हणजे लंडन.

खऱ्या आयुष्यात हे असं चालायचं

कानपूरच्या एका गिरणीला ब्रिटिश फौजेसाठी तंबूंची ऑर्डर मिळाली. गिरणीनं तंबू दिले, भारत सरकारनं गिरणीला रुपयात पैसे चुकते केले. ब्रिटननं तेवढ्याच किमतीचे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा केले. आणि रिझर्व्ह बँकेनं त्या पौंडांच्या आधारावर मुंबई-कलकत्त्यात नव्या नोटा काढल्या. कायद्यातच तशी सोय होती, नोटेच्या मागे सोनं नाहीतर ब्रिटिश सरकारचे कागद असले की झालं. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स हा भाव ठरलेला, म्हणजे पौंडाला १३ रुपये आणि वर थोडं.

लंडनमध्ये साठलेल्या या पैशाला पुस्तकात 'स्टर्लिंग बॅलन्स' म्हणतात. मी पुढे नुसतं लंडनचं खातं म्हणतो.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. युद्ध सुरू होताना देशात साधारण १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या, युद्ध संपून गेल्यावर १९४६ च्या सुरुवातीला १,२०० कोटींच्या वर. घाऊक किमती तेवढ्यात जवळपास अडीचपट झाल्या, आणि हा सरकारी भावांचा हिशोब आहे, 'ब्लॅक'चा भाव त्यात नाही. कंट्रोल आणि ब्लॅक हे दोन्ही शब्द आपल्या भाषेत याच काळात घट्ट बसले, आजही कितीतरी ठिकाणी रेशन दुकानाला कंट्रोलच म्हणतात.

भोकाचा पैसा

माझ्या आजीच्या पितळी डब्यात एक तांब्याच्या रंगाचं नाणं होतं, मधे मोठ्ठं गोल भोक, वरती छोटा मुकुट आणि १९४३ साल. लहानपणी मला वाटायचं कोणीतरी मुद्दाम पाडलंय. आजी सांगायची, हा भोकाचा पैसा, असाच यायचा, पोरं करगोट्यात ओवायची आणि माणसं वायसर म्हणून वापरायची. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते.

भोक का, तर धातू वाचवायला. युद्धात तांबं पाहिजे काडतुसांना. आणि दुसरं म्हणजे लोक सुट्टे पैसे दाबून ठेवायला लागले होते कारण कागदापेक्षा धातूवर भरवसा जास्त, त्यामुळे बाजारात चिल्लर मिळेना. चांदीच्या रुपयाचं पण तेच, १९४० मध्ये त्यातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली आणि सोबत एक रुपयाची कागदी नोट काढली. जुना राणीछाप रुपया हातात आला की बाईमाणूस तो परत सोडायचीच नाही. अर्थशास्त्र न शिकता लोकांना सगळं कळत होतं असं मला नेहमी वाटतं.

"पण ब्रिटननं हिशोबानं पैसे दिले, मग ही लूट कशी?"

हा प्रश्न बरोबर आहे. कागदावर ही लूट नाही, विक्री आहे. पण विकणाऱ्याला 'नको विकायला' म्हणायची सोय नसेल, आणि मिळालेल्या पैशातून काही घेताही येत नसेल, तर ती सक्तीची उधारी झाली. समजा भारताला १९४३ मध्ये लंडनच्या खात्यातून गहू किंवा यंत्रं घ्यायची असती तर? जहाजं युद्धात अडकलेली, ब्रिटनचे कारखाने बॉम्ब बनवतायत, आणि अमेरिकेतून घ्यावं तर डॉलर पाहिजेत, पण आपण कमावलेले डॉलरसुद्धा लंडनच्या सामायिक गल्ल्यात जायचे आणि त्याची किल्ली लंडनकडे. खात्यावर व्याज होतं साधारण एक टक्का, इकडे महागाई किती ते वर लिहिलंच आहे.

मग सरकारनं नोटा छापण्याऐवजी कर लावायचा, कर्ज काढायचं, असं पण कोणी म्हणेल. लावला की. जादा नफ्यावर कर होता, डिफेन्स बाँड विकले, १९४३ पासून तर लोकांच्या हातातला पैसा ओढून घ्यायला बाजारात सोनं विकलं, तेही चढ्या भावात. पण मूळ भानगड पैशाची नव्हतीच, वस्तूंची होती. बाहेर गेलेलं धान्य-कापड करानं परत येत नाही, फार तर उरलेल्यातलं कमी कोणी खायचं एवढं त्यानं ठरतं.

बंगाल

आणि ते कोणी कमी खायचं हे बंगालमध्ये कसं ठरलं ते लिहिताना हात जड होतो.

१९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी पुढे आले तर त्यांना काही मिळू नये म्हणून सरकारनं बंगालच्या किनारी जिल्ह्यांतून तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसं नेतील अशा होड्या ताब्यात घेतल्या नाहीतर मोडल्या. होडी गेली म्हणजे कोळ्याची मासेमारी गेली आणि धान्याची ने-आण पण गेली. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला मोठं चक्रीवादळ झालं. आणि या सगळ्याच्या वर कलकत्त्यात युद्धाच्या चिठ्ठ्यांचा पूर, कारखान्यातल्या कामगारांना मालक ठरलेल्या भावानं तांदूळ देतायत कारण युद्धाचं काम थांबता कामा नये, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, न्हावी यांना बाजारभावानं घ्यायचं. तो भाव त्यांच्या हाताबाहेर गेला. चौकशी आयोगानं १५ लाख मेले म्हटलं, नंतरचे अभ्यासक ३० लाखांच्या आसपास धरतात.

"दुष्काळ निसर्गानं पडला, युद्धाचा काय संबंध" असं अजूनही ऐकू येतं. अमर्त्य सेन यांनी पुढे हेच मांडलं की १९४३ मध्ये बंगालमध्ये धान्य अगदीच नव्हतं असं नाही, लोकांची ते विकत घ्यायची ताकद गेली होती. धान्य नक्की किती कमी होतं यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. पण दिल्लीहून गव्हासाठी जहाजं मागितली गेली आणि लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळानं मागणीच्या मानानं फारच थोडी दिली, हे काही निसर्गानं केलेलं नाही. आणि बघा, त्याच वेळी लंडनच्या खात्यात आपले पैसे महिन्यागणिक वाढत होते.

आपल्याकडे काय चाललं होतं

मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, त्यामुळे बंगालसारखं झालं नाही. सातारकडे नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू आणि त्याच साताऱ्यातली पोरं फौजेतही. यात लोकांना आज विसंगती वाटते, 'मग नक्की कोणाच्या बाजूने होते?' मला नाही वाटत तसं. कोरडवाहू जमीन, चार भाऊ, घरात आजोबा-चुलते पलटणीत राहिलेले, फौजेत गेलं की पोटभर जेवण आणि घरी मनिऑर्डर. राजाच्या प्रेमानं गेलेले फार थोडे असतील. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर अख्खं पोलिश गाव वसलं होतं, साधारण ५,००० निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं. असो, तो वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

आणि १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं, पोटात साधारण १,४०० टन दारूगोळा आणि सोबत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दारूगोळ्याजवळ कापूस कोण ठेवतं, पण युद्धात जहाजं कमी आणि माल जास्त म्हणून ठेवला. दुपारी कापूस धुमसायला लागला, चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले बंबवाले गेले, आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या, गोदामातलं हजारो टन धान्य गेलं. जहाजात सोन्याच्या विटा पण होत्या, त्यातली एक उडून लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. अजूनही दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच बंबवाल्यांच्या आठवणीत.

"कर्जदाराचे सावकार झालो, हा तर फायदाच"

यात तथ्य आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. युद्धाआधी भारत सरकारच्या डोक्यावर लंडनचं मोठं कर्ज होतं, पिढ्यानपिढ्या त्याचं व्याज जायचं. लंडनच्या खात्यातूनच ते बहुतेक सगळं फिटलं. आणि ते फिटून वर १९४६ पर्यंत सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांच्या वर, ब्रिटनच आपलं देणं लागत होता. स्वतंत्र होताना एवढी पुंजी हातात असणं ही काही लहान गोष्ट नाही.

फक्त ही पुंजी कोणाच्या ताटातून आली ते वर सांगितलं, आणि ज्यांच्या ताटातून आली त्यांना ती परत मिळाली नाही.

या खात्यावर तेव्हा लक्ष ठेवून होता तो माणूसही घाडगेच्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचा. चिंतामणराव देशमुख, घराणं रोह्याचं, जन्म महाडजवळच्या नाते गावचा, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये, म्हणजे घाडगे पडला त्याच महिन्यात, देशमुख अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या बाजूनं बसलेले होते. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालायचा ते तिथे ठरत होतं, आणि आपल्या लोकांनी मागणी केली की आमचे लंडनमध्ये अडकलेले पैसे, निदान काही भाग तरी, डॉलरमध्ये बदलून घेता येतील असं करा. प्रतिनिधी मंडळातले ए. डी. श्रॉफ यांनी सांगितलेलं उदाहरण मला फार आवडतं, की आमची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असून टॅक्सीच्या भाड्याला खिशात पैसे नसलेल्या माणसासारखी झालीये. ब्रिटनतर्फे त्यांचे नावाजलेले अर्थतज्ज्ञ केन्स होते, त्यांनी सांगितलं हे आमचं आणि भारताचं आपसातलं आहे, आम्ही बघून घेऊ. विषय तिथेच संपला.

मग शेवटी मिळाले की बुडाले?

चर्चिलना हे देणंच खुपत होतं, आम्ही तुम्हाला जपानपासून वाचवलं त्याचं उलट बिल लावू असा त्यांचा सूर होता. तसं काही झालं नाही. पैसे बुडाले नाहीत, पण मिळाले ते ठिबक सिंचनासारखे. ऑगस्ट १९४७ मध्ये करार झाला तेव्हा शिल्लक ११६ कोटी पौंडांच्या आसपास होती. तिची दोन खाती केली, एक वापरायचं आणि एक कुलुपातलं, आणि १९४७ संपेपर्यंत वापरायला सोडले साडेसहा कोटी. पाकिस्तानचा वाटा पुढे वेगळा निघाला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाची किंमत डॉलरच्या मानानं ३० टक्के पाडली, म्हणजे अमेरिकेचा गहू घ्यायला निघालात तर एका रात्रीत तुमची पुंजी तेवढ्यानं आटली. राहिलेलं हळूहळू अन्नधान्य आणि यंत्रांत गेलं आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत तर भराभर संपलं. १९५० ते ५६ अर्थमंत्री होते ते देशमुखच, पुढे मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला तेच.

पण मला सगळ्यात जास्त डाचतो तो १९४८ चा समझोता. त्यात लंडनच्या खात्यातून दोन मोठ्या रकमा ब्रिटनलाच परत गेल्या. एक साधारण १६.८ कोटी पौंडांची, इथे नोकरी करून गेलेल्या साहेबांच्या पेन्शनसाठी, आगाऊ. आणि दुसरी १० कोटींची, ब्रिटिश फौज जाताना इथे मागे सोडून गेली त्या लष्करी सामानाची आणि बांधकामांची किंमत म्हणून. त्या सामानात कानपूरचे तंबू पण असतीलच की. आधी उधारीवर दिलेले, मग त्याच उधारीतून परत विकत घेतलेले, आणि तेही वापरून जुने झाल्यावर.